लेडीज टेलर प्रेमानंदचा पहिला शर्ट

मनीषनगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तीन दुकानं आहेत. एक औषधांचं, एक मोबाईल दुरुस्तीचं आणि मधलं 'माया लेडीज टेलर'. त्या मधल्या दुकानात मागच्या बाजूला मरून मखमलीचा एक पडदा लटकतो. तो मी दिलेला. आमची नाटक कंपनी बंद पडली तेव्हा सामानाची वाटणी झाली, आणि मी दुसरं काही न मागता दर्शनी पडद्याचा एक तुकडा मागून घेतला होता. आज त्या पडद्याआड माया बायकांची मापं घेते. तिचा नवरा प्रेमानंद पडद्याच्या अलीकडे कात्री घेऊन उभा असतो आणि माया आतून आकडे सांगते. एकतीस वर्षांत त्यानं एकाही गिऱ्हाइकाला टेप लावलेली नाही.

पण आकडे ही त्याच्या कामाची फक्त सुरुवात. आकडा लिहून झाला की तो विचारतो, ताई, डबे वरच्या फळीवर ठेवता की खाली? पर्स कोणत्या खांद्यावर घेता? गाडी चालवता की मागं बसता? नवीन बाईला वाटतं, हा माणूस चौकशा फार करतो. ब्लाऊज घालून हात वर केला की तिला कळतं त्यानं काहून विचारलं होतं. शाळेत फळ्यावर लिहिणाऱ्या बाईचा उजवा मुंढा, बाही जोडतात तो भाग, तो वेगळा कापतो. बसमध्ये कंडक्टर असलेल्या एका बाईसाठी त्यानं खांद्याच्या शिवणीला आतून दुहेरी पट्टी लावली होती, कारण तिकिटांच्या मशीनचा पट्टा तिथंच घासत होता. तिनं मागितली नव्हती.

दुकानाच्या भिंतीला खिळ्यांच्या चार रांगा आहेत. प्रत्येक खिळ्याला एक कापडी पिशवी, पिशवीवर नाव आणि आत त्या बाईचा मापाचा ब्लाऊज. अंगाला नीट बसणारा जुना ब्लाऊज बाई शिंप्याकडे ठेवते आणि त्यावरून तो पुढचे शिवतो. त्या भिंतीवर एकशे बारा पिशव्या होत्या. नेमका आकडा मला ठाऊक आहे, कारण गेल्या वर्षी त्या सगळ्या मी खाली उतरताना पाहिल्या.

प्रेमानंदला मी त्याच्या जन्मापासून ओळखतो. त्याचे वडील नत्थू आमच्या कंपनीचे शिंपी. झाडीपट्टीत, भातकापणीनंतर, गावोगाव आमची नाटकं व्हायची. तेव्हा स्त्रियांची कामं पुरुष करायचे आणि आमच्या कंपनीत ती मी करायचो. रुसलेली सून, सोडलेली बायको, पाटलाची लेक, सगळ्या मीच. माझे ब्लाऊज नत्थू शिवायचा. छातीशी कापूस भरायचा आणि कापसात मूठभर मोहरी घालायचा. म्हणायचा, "मास्तर, नुसता कापूस खोटा दिसते. वजन पाहिजे. वजन असलं का तुमी आपोआप बाईसारखे चालता." ते खरं होतं. त्या मूठभर मोहरीनं मला माझ्या आईच्या चालीची आठवण करून दिली होती. पुढे स्त्रिया रंगमंचावर आल्या, मी सासरे आणि खलनायक करू लागलो, पण ती चाल कधी विसरलो नाही.

सहा वर्षांपूर्वी एक दिवस प्रेमानंद जिना चढून माझ्याकडे आला. बाबांनी तुमच्या ब्लाऊजमध्ये मोहरी किती घातली होती, हे त्याला हवं होतं. मी कारण विचारलं, तर एका ताईचं काम आहे म्हणाला. कोणत्या ताईचं ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता अंकुश. प्रेमानंद-मायाचा एकुलता मुलगा, वय बावीस. पॉलिटेक्निक झालं आणि मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात कंत्राटावर लागला. दोन वर्षं झाली तरी कंत्राट पक्कं होईना. त्याच्यानंतर लागलेली एक मुलगी त्याच्याच पाळीची प्रमुख झाली. तेव्हापासून तो घरी येऊन कानात बटणं घालून बसायचा. फोनमध्ये एक माणूस बोलायचा. काळा चष्मा, मागं महागडी गाडी, हिंदी बोलणं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला करायची. जगातल्या सगळ्या तरुण मुलांचं दुःख बायकांनी केलं आहे, असा त्याचा एकंदर उपदेश. बाई पुढं गेली म्हणजे तुझ्या ताटातलं उचलून गेली. बाईचं ऐकणारा बाप मिळाला असेल तर तुझं नशीब फुटलं. लाखो पोरं रोज ते ऐकायची.

याच दिवसांत अंकुश माझ्याकडे येऊ लागला. आजोबा, स्टेजवर बोलायचं कसं ते शिकवा. कंपनीत वक्तृत्व स्पर्धा आहे म्हणाला. मला काय, वीस वर्षांत कोणी काही शिकायला आलं नव्हतं. मी जीव ओतून शिकवलं. श्वास पोटातून घ्यायचा. डोळे आधी वळवायचे, मान नंतर. आणि महत्त्वाचा शब्द येण्याआधी थांबायचं, मनात तीन मोजायचे, मग शब्द टाकायचा. पोरगा हुशार. आठ दिवसांत माझा खलनायक उचलला.

त्याचा प्रयोग मी पाहिला तो सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी. दुकानाच्या बाकावर मी पेपर वाचत बसलो होतो. धम्मचक्र प्रवर्तन दिन तोंडावर आला होता, कापायच्या टेबलावर पांढऱ्या कापडाचे गठ्ठे होते. दीक्षाभूमीवर जायला पांढरा ब्लाऊज बाईला नवाच लागतो, आणि तो प्रेमानंदच्या हातचा लागतो. इतक्यात गुंजन आली. दोन गल्ल्या सोडून राहते, घरी नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. बहिणीच्या लग्नाचा ब्लाऊज तिनं आठवड्यापूर्वीच नेला होता.  तिनं फोन टेबलावर ठेवला आणि चालू केला.

फोनमध्ये अंकुश होता. मागं हीच भिंत, ह्याच पिशव्या. तो म्हणत होता, "हा माझा बाप." मग थांबला. एक, दोन, तीन. "एकतीस वर्षं बायकांच्या ब्लाऊजले हूक लावून राहिला. तुमाले असं बनायचं आहे?" पुन्हा थांबला. मग अंगठा खांद्यावरून मागं केला. मागं आरशासमोर गुंजन उभी होती, नवा ब्लाऊज अंगाला लावून पाहत, तिला काही ठाऊक नसताना. "आणि ह्या पाहा. पाठ उघडी करून घ्याले आल्या." आणि शेवटी हसला. ते हसणं माझं होतं. झाडीपट्टीत त्या हसण्यावर पोरं आयांच्या पदरात तोंड लपवायची.

चार दिवसांत ते अडीच लाख लोकांनी पाहिलं होतं. खाली काय काय लिहिलं होतं ते गुंजननं वाचून दाखवलं नाही. एवढंच सांगितलं की तीन मुलांच्या आयांनी शिकवणी बंद केली. मग तिनं आपला मापाचा ब्लाऊज परत मागितला. प्रेमानंदनं खिळ्यावरून पिशवी काढली, दोन्ही हातांनी दिली. ती गेली. भिंतीवर तो खिळा मोकळा राहिला.

संध्याकाळी घरात काय झालं ते मायानं मला सांगितलं. तिनं अंकुशचा फोन बादलीत टाकायला उचलला होता. प्रेमानंदनं तो तिच्या हातून काढून घेतला. अंकुशनं घाबरून ती रील केव्हाच पुसली होती. बापानं ना हात उचलला ना आवाज चढवला. फक्त विचारलं, "त्या माणसाचं नाव लिहून दे." आणि पुढचे दोन दिवस मशीनवर बसून, कानात मायाची बटणं घालून, तो त्या काळ्या चष्म्याला ऐकत राहिला.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे गुन्हा कबूल केला. म्हटलं, प्रेमानंद, ते थांबणं आणि ते हसणं मी शिकवलं. तो हसला. म्हणाला, तुम्ही थांबायला शिकवलं मास्तर, पुढचं त्यानं केलं. मग मशीनचं चाक हातानं धरून तो म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहितो.

"मास्तर, तो माणूस बाकी सब वाईट बोलते. पण पहिले पाच मिनिटं ऐका. तो विचारते, भाई, कैसा है तू? थक गया क्या? माझ्याकडं एवढ्या बाया येतात, मी त्याहिले विचारतो खांदा दुखते का. घरच्या पोट्ट्याले कधी विचारलं नाही. त्यानं विचारलं, मंग पोट्टा त्याचा झाला."

माझ्या सगळ्या आयुष्यात मी पुष्कळ बापांच्या भूमिका केल्या. असलं वाक्य एकाही बापाच्या तोंडी आलं नव्हतं.

त्यानंतर प्रेमानंदनं जे केलं ते पाहून आमच्या इमारतीत लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. ऐन हंगामात त्यानं भिंतीवरच्या सगळ्या पिशव्या उतरवल्या. न कापलेलं पांढरं कापडही घड्या घालून ज्या त्या बाईच्या नावाच्या पिशवीत ठेवलं. मी म्हटलं, अरे, गुंजनचं झालं ते झालं, बाकीच्यांचं काय? तो म्हणाला, "पडद्यामागं कॅमेरा नव्हता हे मले माहीत आहे. त्याहिले कसं माहीत राहीन? ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या घरी जाऊ द्या. पुन्हा आणून दिली तर ठीक. मी मागणार नाही." मायानं वाद घातला नाही, पिशव्यांवरची धूळ झटकून दिली. एकतीस वर्षांचं दुकान राहील की जाईल हे त्यानं एकशे अकरा बायकांच्या हातात देऊन टाकलं होतं.

त्याचा गुडघा दुखतो, मोपेड त्याला चालवता येत नाही. त्यानं अंकुशला एवढंच म्हटलं, गाडी काढ. रोज दुपारच्या पाळीआधी बाप-लेक निघायचे. पुढं अंकुश, मागं पिशव्यांचं बोचकं मांडीवर घेऊन बाप. प्रत्येक दारात प्रेमानंद तेच सांगायचा, माझ्या दुकानात एका पोरीचा फोटो तिला न विचारता काढला गेला, तुमचं माप तुमच्याकडे ठेवा. माफी माग असं त्यानं मुलाला एकदाही सांगितलं नाही. अंकुश रस्त्यावर गाडीवरच बसायचा, हेल्मेट न काढता. पण हेल्मेटमधून ऐकू येतंच.

एका बाईनं पिशवी घेतली आणि दार लावलं. एकीनं नवऱ्याला बोलावून पुन्हा सगळं सांगायला लावलं. एका सत्तरीच्या आजींनी पिशवी परत त्याच्या बोचक्यात कोंबली, म्हणाल्या, माझी रील कोण पाहीन बापा, पाहिली तर मले पाठव. प्रेमानंद हसला, पण पिशवी त्यांच्या हातात ठेवूनच निघाला.

पार्वतीबाई आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या, एकट्या असतात. रविवारी सकाळचा चहा मी त्यांच्याकडे घेतो, म्हणून त्या दिवशी मी तिथं होतो. लिफ्ट बंद होती, बापाचा गुडघा चढेना, तेव्हा पहिल्यांदा अंकुशला पिशवी घेऊन वर यावं लागलं. हेल्मेट काखेत. प्रेमानंद मागून कठड्याला धरून आला आणि आपलं वाक्य सुरू करणार, तोच पार्वतीबाईंनी हातानंच थांबवलं. पिशवीतला ब्लाऊज काढून त्यांनी अंकुशच्या हातात दिला.

"धर. कोणती बाजू जड आहे सांग."

तो गोंधळला. दोन्ही हातांवर तोलून पाहिलं. म्हणाला, डावी.

"डावी तुझ्या बापानं भरली आहे. माझी डावी बाजू डॉक्टरनं काढली, सहा वर्षं झाली. मी घराच्या बाहेर निघून नोती राहिली. दवाखान्यातलं महागाचं होतं ते मले टोचे. तुझ्या बापानं मले काय झालं म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाला, ताई, ओझं कोणत्या बाजूले कमी वाटते? त्याच्यानंतर मी दोन वर्षं ऑफिस केलं, निरोपाच्या दिवशी भाषण केलं." चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या फोनमधल्यानं मर्द कोणाले म्हणावं हे त्याचं तो पाहीन. तुले बापावर हसायचं असन तर इथं उभा राहून हस."

अंकुशनं ब्लाऊजची घडी घातली. शिंप्याच्या घरात वाढलेल्या मुलाची घडी होती, बाह्या आत, हूक वर. मोहरीचं कोडं मला त्या दिवशी सुटलं. प्रेमानंद दाराकडे तोंड करून उभा होता. एवढी वर्षं त्यानं जपलेली गोष्ट उघडी झाली म्हणून तोच ओशाळला होता.

नऊ दिवसांत सगळ्या पिशव्या वाटून झाल्या. भिंत मोकळी. माझ्या आठवणीत प्रेमानंदचे हात पहिल्यांदाच रिकामे होते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यानं अंकुशला दुकानात बोलावलं आणि गळ्यातली टेप काढून म्हणाला, उभा राह्य, शर्टाचं माप घेतो. हे मला अंकुशनंच नंतर सांगितलं. शाळेच्या गणवेशाची अर्धी चड्डी शिवली त्यानंतर बापानं त्याला टेप लावली नव्हती. माप घेता घेता, टेप छातीभोवती असताना, बापानं विचारलं, "कसा आहेस गा?" पोरगा म्हणाला, ठीक आहे. प्रेमानंदनं टेप सोडली नाही. म्हणाला, "बाह्या मोठ्या लागतीन तुले. ओझं उचलतोस ना तिथं? कोणता खांदा दुखते?" मग अंकुश बोलू लागला. गोदामाचं, कंत्राटाचं, बरोबरीच्या मुलांच्या टोमण्यांचं. किती वेळ ते त्याला आठवत नाही. बाप मधेच आकडे लिहीत होता आणि ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी अंकुश गुंजनकडे गेला. तिची पिशवी आधीच गेली होती, त्या दारात प्रेमानंदचं काही काम नव्हतं, तसं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. जायचं तर मुलाला एकट्यानंच. गुंजननं त्याला आत घेतलं नाही. फाटकाशीच ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रील तुझ्या फोनमधून निघाली. लोकाहिच्या फोनमधून निघाली का? जिथं बोललास तिथंच बोल, त्याच लोकाहिसमोर. माझं नाव घेऊ नको. आणि मी माफ केलं असं सांगू नको, काऊन का मी नाही केलं."

तो सरळ माझ्याकडे आला. आजोबा, कसं बोलू? माझी जीभ शिवशिवली, खोटं कशाला सांगू. पश्चात्तापाचे प्रवेश मी पन्नास गावांत गाजवलेत. पण मी म्हटलं, यावेळी तालीम नाही. जा.

नवा शर्ट त्या दिवशी तयार झाला होता, फिकट निळा. तो घालून तो मोकळ्या भिंतीसमोर उभा राहिला आणि बोलला. अभिनय म्हणून अगदीच सुमार काम. श्वास छातीतून, नजर खाली, शब्द एकमेकांवर पडत होते, कुठंही थांबणं नाही. एका मुलीची रील मी तिला न विचारता काढली. ती माझ्या बापाच्या दुकानात विश्वासानं आली होती. तिच्याबद्दल बोललो ते घाण होतं. बापावर हसलो ते ज्याच्याकडून ऐकून हसलो त्यानं माझ्या बापाचं काम कधी पाहिलेलं नाही. मीही पाहिलं नव्हतं. संपलं. एवढंच. मी ते सात वेळा पाहिलं.

पोरं त्याच्यावर तुटून पडली. शिव्या झाल्या, बायकांचा गुलाम म्हणून झालं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की शर्टाची बटणं उलट्या बाजूला आहेत. पुरुषांच्या शर्टाला ती उजवीकडे असतात, बायकांच्या कपड्याला डावीकडे. एकतीस वर्षं बायकांचे कपडे शिवलेल्या हातानं, पहिल्यांदा पुरुषाचा शर्ट शिवताना, सवयीनं डावीकडे लावली होती. "बघा, बहिणीचा शर्ट घालून रडून राहिला," असं एकानं लिहिलं आणि त्यावर हसण्याची रांग लागली. अंकुशनं दिवसभर कोणालाच उत्तर दिलं नव्हतं. याला दिलं. "माझ्या बापानं शिवला. त्याचा पहिला आहे."

प्रेमानंदला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. एवढी मोठी चूक, आणि सगळ्या जगानं पाहिली. शर्ट दे, पट्टी बदलून देतो, म्हणून तो दोन दिवस मागं लागला होता. अंकुश देत नाही. मिहानला जाताना आठवड्यातून दोनदा तोच घालतो. सवय नसल्यानं बटणं लावायला त्याला वेळ लागतो, आणि जिन्यात उभा राहून तो उलट्या हातानं खटपट करताना मला दिसतो.

पिशव्या परत येऊ लागल्या, एक एक करून. पहिली पार्वतीबाईंची, दुसरी रीलवाल्या आजींची. दिवाळीपर्यंत साठ झाल्या, पुढं नव्वदच्या वर गेल्या. काही आल्या नाहीत, त्या बायका दुसरीकडे जातात आणि रस्त्यात भेटल्या तर प्रेमानंद त्यांना तसाच नमस्कार करतो. गुंजनच्या शिकवणीत एक मुलगा परत आला, दोन नाही. तिची पिशवीही आलेली नाही. तिच्या खिळ्याला प्रेमानंद दुसरं काही अडकवत नाही. बाकीचे मोकळे खिळे नव्या गिऱ्हाइकांनी भरले, परवा जागा कमी पडली म्हणून मायानं तिथं एक नवी पिशवी लावली, तर अंकुशनं ती काढून बाजूच्या खिळ्यावर दुसरीच्या वर लावली आणि कामावर गेला.